धुण्याचे यंत्र आणि नळातला दणका
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे विषय कसा भारदस्त हवा, असा आपल्याकडे रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘नळातला दणका’ असे सांगितले. त्यांना प्रथम ती थट्टाच वाटली. परंतु गेल्या पावसाळ्यापासून निदान पाचसहाजणींनी मला जिन्यात नाहीतर भाजीच्या गाडीपाशी गाठून एकच प्रश्न विचारला आहे. “बाई, आमचे धुण्याचे यंत्र पाणी घेते आणि थांबते, तोच भिंतीत कोणी हातोडा मारावा तसा आवाज होतो. यंत्र जुने झाले, आता काढून टाकावे का?” इतक्याजणींना जो प्रश्न पडला आहे तो या व्यासपीठावर घेण्यात कमीपणा कसला? तीस वर्षे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. फळा आणि खडू हाताशी नसला म्हणजे मला बोलणे जरा जड जाते, पण आज प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ या. यंत्राचे आवाज अनेक प्रकारचे असतात. कपडे पिळताना यंत्र थडथडते ते बहुधा पाय समपातळीत नसतात म्हणून. पाणी बाहेर टाकताना खडखडते तेव्हा पंपात एखादे नाणे नाहीतर बटण अडकलेले असते. त्या आवाजांविषयी मी आज बोलणार नाही. मी बोलते आहे ते त्या एकाच दणक्याविषयी, जो यंत्रात पाणी शिरायचे थांबते त्याच क्षणी होतो, आणि पुष्कळदा यंत्रापाशी न होता दूर कुठेतरी, न्हाणीच्या भिंतीत किंवा खालच्या मजल्यावर ऐकू येतो. इंग्रजीत त्याला ‘वॉटर हॅमर’ म्हणजे पाण्याचा हातोडा म्हणतात. आपल्याकडे पुस्तकी शब्द जलाघात असा आहे. मी आपला दणका म्हणते.

हा दणका यंत्र देत नाही, पाणी देते. रेल्वेच्या फाटकापाशी मालगाडी थांबताना तुम्ही पुष्कळजणींनी पाहिली असेल. इंजिन थांबते, मग त्यामागचा डबा त्यावर आदळतो, त्यावर त्याच्या मागचा, आणि ती खडखड मागे मागे धावत शेवटच्या डब्यापर्यंत जाते. नळातल्या पाण्याचे असेच होते. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या यंत्रापर्यंत वीस मीटर लांबीचा अर्धा इंची नळ आला आहे असे धरा. त्यात सुमारे साडेतीन लिटर पाणी मावते. म्हणजे साडेतीन किलो वजनाचा एक लांबलचक वरवंटाच नळातून पुढे सरकत असतो. यंत्राच्या तोंडाशी असलेली झडप एकदम मिटली की पुढचे पाणी अडते, मागचे त्यावर आदळते, आणि तो धक्का नळातून उलटा धावत सुटतो. वाटेत नळ सैल असला तर भिंतीवर आपटतो. तोच आपण ऐकतो तो आवाज.

धक्का किती जोराचा, याचे गणित मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांडले. गणित अगदी सोपे आहे. पाण्याचा वेग जितका जास्त आणि धक्क्याची लाट नळातून जितकी वेगाने धावते, तितका दाब जास्त. लोखंडी नळात ही लाट सेकंदाला बाराशे-तेराशे मीटर धावते. पाण्याचा वेग सेकंदाला अवघा एक मीटर असला, म्हणजे बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या बाईच्या चालीइतका, तरी तो एकदम अडवला असता नळात बारा-तेरा किलोचा दाब क्षणभर वाढतो. किलो म्हणजे प्लंबर बोलतात तो किलो, एका चौरस सेंटीमीटरवरचा. एरवी आपल्या नळात एक, दोन, फार तर तीन किलोचा दाब असतो. पूर्ण धक्का बसतो तो लाट नळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्याच्या आत झडप मिटली तरच. त्याहून सावकाश मिटली तर धक्का त्या मानाने कमी. सगळी मेख या ‘सावकाश’ शब्दात आहे, ती ध्यानात ठेवा.

याच धक्क्याचा उपयोग करून घेणारेही लोक होऊन गेले. फुग्याचे विमान उडवणारे माँगोल्फिए बंधू तुम्हांला ठाऊक असतील. त्यांतल्या जोसेफने १७९६ साली फ्रान्समध्ये असा पंप केला की, वाहते पाणी झडपेने वरचेवर अडवायचे आणि त्या दणक्याच्या जोरावर थोडे पाणी उंच चढवायचे. ना इंजिन, ना बैल. त्या पंपाला त्यांच्या भाषेत एडका म्हणतात. एडक्याची धडक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नाव चटकन पटेल. आपल्या न्हाणीत मात्र हा एडका कोणी बांधून ठेवलेला नसतो, आणि धडक खातात ते नळाचे सांधे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या आईच्या वेळी नळ नव्हते का? होते, पण ते पितळी, फिरकीचे. तीन-चार फेरे दिल्यावाचून ते बंद होत नसत. हल्लीचे चकाकते नळ पाव फेऱ्यात मिटतात. संडासातल्या फवाऱ्याचा खटका तर बोट सुटले की मिटतो. जुन्या अर्धस्वयंचलित यंत्रात पाणी आपण हाताने सोडत होतो आणि हातानेच बंद करत होतो. पूर्ण स्वयंचलित यंत्र आले आणि त्याबरोबर विजेवर उघडमिट करणारी झडप आली. तिला आपल्या हातासारखा धीर नाही. शिवाय समोरून कपडे घालायची यंत्रे एका धुण्यात एकदाच पाणी घेत नाहीत. कपडे पाणी पितात तसतशी ती पुन्हापुन्हा थोडे थोडे घेतात, म्हणजे एका धुण्यात तितक्या वेळा धडक.

मग जे यंत्र दहा वर्षे मुकाट चालले ते अकराव्या वर्षी का दणकू लागते? हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा यंत्राबाहेर सापडते. या बाबतीत शेजारच्या एका इमारतीतली हकीगत सांगते. ज्यांच्या घरची आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाई रुग्णालयात परिचारिका आहेत. सारी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. दुसरी पाळी आटोपून घरी यायला त्यांना रात्रीचे दहा वाजतात. रोजचा गणवेश रोज धुवायचा, म्हणून यंत्र लागते ते रात्रीच. यंत्र तेरा वर्षांचे. पहिल्या भिशीच्या पैशांतून घेतलेले, आणि कधी तक्रार नाही. दिवाळीनंतर एकाएकी दणके सुरू झाले. त्यांच्या खालच्या घरातल्या काकांच्या हृदयावर त्याच सुमारास शस्त्रक्रिया झालेली. रात्री साडेदहाला डोळा लागावा आणि उशाच्या भिंतीतून धाडकन आवाज यावा, असे आठवडाभर झाले. काकू वर जाऊन सांगून आल्या. सिस्टरांनी मेकॅनिक बोलावला. त्याने झडपेच्या तोंडाची जाळी साफ केली आणि दणका वाढला! काकूंना वाटले, ही बाई मुद्दाम करते. सिस्टरांना वाटले, मी दिवसभर परक्यांच्या आजाऱ्यांची सेवा करते आणि माझ्यावर हा आळ. कमिटीने सूचनाफलकावर कागद लावला : रात्री नऊनंतर धुण्याची यंत्रे चालवू नयेत. नाव लिहिले नव्हते, पण नाव कोणाचे ते सगळ्यांना कळत होते. दोन घरांत बोलणे बंद झाले. संक्रांतीचे वाणसुद्धा गेले-आले नाही. सिस्टरांचे दीर म्हणाले, नवे यंत्र घे. आणि त्या खरोखरच हप्त्यांची चौकशी करू लागल्या होत्या.

मला बोलावले ते सिस्टरांनी नव्हे, काकूंनी. मी पहिल्यांदा यंत्राकडे पाहिलेच नाही. काकूंच्या स्वयंपाकघरातला नळ झटकन बंद करून पाहिला. भिंतीत ‘टक्’ झाले. म्हणजे धुण्याच्या यंत्राशिवायही तो नळ दणकत होता. मग विचारले, दिवाळीच्या सुमारास इमारतीत काय बदलले? काकू म्हणाल्या, “काही नाही हो, वरच्या मजल्यावाल्यांना पाणी बारीक येई म्हणून गच्चीवर पंप बसवला तेवढेच.”

तेवढेच! टाकीतले पाणी खाली येते ते स्वतःच्या वजनाने. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब मिळतो. सातव्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली, तो फारच थोडा असतो, म्हणून तिथल्या माणसांना शॉवरखाली उभे राहून पाण्याची वाट पाहावी लागते. त्यांची तक्रार खरीच होती. पण खालच्या मजल्यांना आधीच दीड-दोन किलो मिळत असतो. त्या इमारतीत पंपाची जोडणी वरच्या दोन मजल्यांपुरती वेगळी न करता सगळ्या इमारतीच्या नळावर केली होती. दुसऱ्या मजल्यावरचा दाब जवळजवळ दुप्पट झाला. दाब दुप्पट झाला की वाहण्याचा वेग १.४ पट होतो, आणि वेग वाढला त्या प्रमाणात दणका. त्यात मेकॅनिकने जाळी साफ केली. बिचाऱ्याने काम चोखच केले. तुंबलेल्या जाळीमुळे पाणी थोडे अडत होते ते मोकळे झाले आणि वेग आणखी वाढला. म्हणून कोणी जाळी तुंबलेलीच ठेवू नका. पाणी अडवायला कॉक आहे, ते जाळीचे काम नव्हे.

मग मी वर सिस्टरांकडे गेले, काकूंना बरोबर घेऊन. त्या येईनात, मी म्हटले, बादली धरायला कोणीतरी हवे. यंत्राचा प्लग काढला, कॉक बंद केला, यंत्राच्या मागची नळी सोडली, तिचे तोंड दहा लिटरच्या बादलीत धरले आणि कॉक पूर्ण उघडला. पंचेचाळीस सेकंदांत बादली भरली. नळातला वेग सव्वा मीटर. मग कॉक थोडा थोडा मिटत असा ठेवला की तीच बादली भरायला दीड मिनिट लागावे. नळी पुन्हा जोडली आणि यंत्र लावले. वेग निम्मा, धडक निम्मी. धाडकनचे टप् झाले. काकू काही बोलल्या नाहीत, पण बादली रिकामी करून जागेवर ठेवून गेल्या.

ही बादलीची चाचणी तुम्ही घरी अवश्य करा. दुरुस्तीचा पहिला उपाय हाच, आणि त्याला पैसा लागत नाही. यंत्र भरायला तीन-चार मिनिटे जास्त लागतील. फारच आवळलात तर यंत्र पाणी येत नाही अशी खूण दाखवून थांबेल. तेव्हा कॉक थोडा उघडायचा. कॉक अर्धवट ठेवूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरे असू शकते. पाणी चढवणारा पंप थांबताना त्याची उलटझडप आपटते तोही आवाज असाच येतो, आणि तो यंत्र बंद असतानाही येतो. जुन्या फिरकीच्या कॉकमधला वायसर सैल झाला असला तर तो पाणी वाहताना सारखा तडतडतो. नवा वायसर घातला की तो प्रश्न मिटला.

दुसरा उपाय नळ आवळण्याचा. दुसऱ्या दिवशी प्लंबरला घेऊन डक्टमध्ये पाहिले तर उभ्या नळाचे दोन क्लॅम्प गंजून गळून पडले होते. हाताने हलवला तर नळ भिंतीवर वाजत होता. रबराची पट्टी घालून नवे क्लॅम्प बसवले. लक्षात ठेवा, क्लॅम्पाने आवाज कमी होतो, धक्का कमी होत नाही. नुसते क्लॅम्प मारून गप्प बसाल तर नळ मुकाट्याने मार खात राहील. आवाज नाही म्हणून सुख आहे असे समजू नये, हे नळाला लागू आहे आणि, असो, आज तो विषय नाही.

हल्ली नव्या इमारतींत प्लॅस्टिकचे नळ असतात. प्लॅस्टिक थोडे ताणते, त्यामुळे त्यात धक्का लोखंडी नळाच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच बसतो. मात्र ते वाकते आणि हलते म्हणून आवाज करू शकते, आणि भिंतीच्या आतल्या चिकटवलेल्या सांध्यांना वर्षानुवर्षे बसणारे हजारो लहान धक्केही चांगले नाहीत. सांधा ढिला झाला की पहिली ओल दिसते ती खालच्या घराच्या छताला, आणि मग भांडण पाण्याचे न राहता रंगाचे आणि खर्चाचे होते.

तिसरा उपाय धक्क्याला गादी देण्याचा. पाणी दाबत नाही, हवा दाबते. यंत्राच्या कॉकजवळ नळाला टी जोडून त्यावर हातभर लांबीचा, एका मापाने मोठा नळ सरळ उभा करायचा आणि वर एंड कॅप घट्ट बसवायची. आत अडकलेली हवा चेंडूसारखी दाबली जाते आणि धक्का पिऊन टाकते. जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. एकच अडचण : ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, नळ पाण्याने भरतो आणि दणका परत येतो. मग घरचा मुख्य कॉक बंद करायचा, घरातले सगळे नळ उघडून नळांतले पाणी वाहून जाऊ द्यायचे, म्हणजे त्या उभ्या नळात हवा पुन्हा शिरते. वर्षातून एकदोनदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर हे करता येईल. हा नळ आडवा बसवला तर उपयोग नाही. हवा त्यात टिकत नाही.

याच युक्तीचे सुधारलेले रूप म्हणजे बाजारात मिळणारा वॉटर हॅमर अरेस्टर. बोटभर-वीतभर लांबीची धातूची नळी, आत दट्ट्या किंवा रबरी पडदा, आणि त्यामागे कायमची कोंडलेली हवा. पाणी त्या हवेला शिवत नाही, म्हणून ती विरघळत नाही, आणि हा कसाही बसवला तरी चालतो. धुण्याच्या यंत्रासाठी पाऊण इंची आट्यांचा मिळतो. कॉक आणि यंत्राची नळी यांच्यामध्ये हातानेच फिरवून बसतो. मात्र बसवायचा यंत्राच्या जवळच. गच्चीवर बसवून फायदा नाही, कारण धक्का जन्मतो तो झडपेपाशी. हार्डवेअरच्या दुकानी नाव सांगितलेत तर बहुतेक दुकानदार प्रथम तुमच्या तोंडाकडे पाहील, आणि “ताई, भाऊंना पाठवा” म्हणेल. चित्र बरोबर न्या आणि भाऊंना घरी ठेवा. सिस्टरांनी तसेच केले. दोन दुकाने हिंडाव्या लागल्या, तिसऱ्यात मिळाला. नव्या यंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत चिल्लर होती. आणि नवे यंत्र घेतले असते तरी दणका गेला नसता, कारण नव्या यंत्रालाही तशीच झडप असते आणि पाणी त्याच नळाचे.

त्या रात्री काय झाले ते काकूंनी मला मागाहून सांगितले. साडेदहा झाले, अकरा झाले, आवाज आला नाही. काकांना गाढ झोप लागली. काकू मात्र आता येईल, मग येईल म्हणून बारा वाजेपर्यंत जाग्याच होत्या. पुढे सोसायटीच्या सभेत सिस्टर आणि काकू दोघींनी मिळून अर्ज दिला, आणि पंपाची जोडणी वरच्या दोन मजल्यांपुरती वेगळी करून घेतली. ज्यांच्याकडे तसे करणे शक्य नसेल त्यांनी खालच्या मजल्यांच्या फाट्यावर दाब कमी करणारी झडप बसवण्याचा विचार करावा. तो खर्च एका घराचा नाही, सगळ्यांनी मिळून करण्याचा आहे. सूचनाफलकावरचा तो कागद कोणी काढला ते कोणी सांगत नाही. मी विचारलेही नाही.

एक शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट राहिली. दणक्याने सगळ्यांत आधी फुटते ती यंत्रामागची रबरी नळी, कारण तीच सगळ्यांत दुबळी. यंत्र जुने तशी तीही जुनी. वर्षातून दोनदा यंत्र पुढे ओढून ती बोटांनी चाचपा. कुठे फुगवटा, चीर किंवा कडकपणा लागला तर वाट पाहू नका, बदला. आणि धुणे आटोपले की कॉक बंद करायची सवय ठेवा. गावाला जाताना तर नक्कीच. नळी फुटते ती आपण घरी नसतानाच, आणि पाणी खालच्या मजल्यावर पोचल्यावर आपल्याला फोन येतो. भिंतीच्या आतल्या नळाला हात लावायचे काम मात्र प्लंबरकडेच द्या. आपण फक्त त्याला बरोबर काय सांगायचे ते ठाऊक करून घ्यायचे.

त्या टेबलावर टी जोडलेला उभा नळ, एक कापलेली जुनी झडप आणि अरेस्टर ठेवला आहे. ज्यांना हाताळून पाहावयाचे असेल त्यांनी चहाच्या आधी पाहावे. झडपेतली स्प्रिंग बारीक आहे, मुलांच्या हाती देऊ नये. अरेस्टर उसना आणला आहे. संध्याकाळी सातला सिस्टरांचे यंत्र सुरू व्हायच्या आत तो जागेवर गेला पाहिजे, आज त्यांची सुट्टी आहे.